प्राणायामाला बसलं की माझाच जीव का घाबरतो?

"मॅडम, सगळ्यांना प्राणायामाने बरं वाटतं. माझाच जीव का घाबरा होतो?" हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. पन्नाशीच्या एका ताईंनी तो विचारला तेव्हा त्यांच्या मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल होती. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलाने पाठवलेला व्हिडिओ बघून त्या रोज पहाटे कपालभातीचे, म्हणजे पोट आत खेचून झटक्याने श्वास सोडण्याचे, दोनशे स्ट्रोक मारायच्या. शंभरी ओलांडली की बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, डोकं हलकं, छातीत धडधड. "वाटतं, आता अटॅकच येणार. साधा श्वाससुद्धा मला घेता येऊ नये?" हे म्हणताना त्यांना रडू आलं.

मी म्हटलं, मोजके चार-पाच करून दाखवा. खांदे कानापर्यंत चढले, मूठ पदरावर आवळली गेली, आणि श्वास घेताना पोट फुगायच्या ऐवजी आत गेलं. मी तिथेच थांबवलं.

मुंग्यांचं कारण समजायला सोपं आहे. गरजेपेक्षा भराभर श्वास झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, हातापायांना मुंग्या येतात. ज्याचं मन आधीच धास्तावलेलं आहे त्याला हीच लक्षणं हार्ट अटॅकसारखी वाटतात, आणि भीतीने श्वास आणखी वाढतो. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात कपालभाती प्राणायामात नाही, शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, षट्कर्मांत येते. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, म्हणजे श्वासही. घाई केली तर तो साधकालाच मारतो. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्यांची भीती नुसत्या वेगाची नव्हती. दुसऱ्या भेटीत कळलं की वर्षापूर्वी यजमानांची बायपास झाली होती. तेव्हापासून रात्री जाग आली की ताई अंधारात कान देऊन त्यांचा श्वास चालू आहे ना, हे ऐकत पडायच्या. अशा बाईला 'डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या' म्हटलं तर तिला शांत कसं वाटेल? ती पुन्हा त्याच पहाऱ्यावर बसते.

म्हणून कपालभाती बंद केली. डोळे उघडे, पाठ भिंतीला, आकडे मोजायचे नाहीत. मग मी विचारलं, "भजनी मंडळात जाता ना? अभंगाची एखादी लांब ओळ म्हणा." त्यांनी म्हटली. एका दमात, शेवटचा स्वर लांबवून. खांदे खाली होते. श्वास कुठेच अडला नाही. "ताई, हा तुमचाच श्वास," मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, म्हणून घाबरणाऱ्या माणसाने सुरुवात सोडण्यापासून करावी. त्यांना भ्रामरी दिली, रोज पाच-सहा वेळा, दम न कोंडता. तोंड मिटून गुणगुणायचं, संपलं की श्वास आपोआप आत येऊ द्यायचा. गरगरलं तर थांबायचं. रात्रीच्या पहाऱ्याबद्दल, यजमान जातील या भीतीबद्दल आम्ही पुढचे दोन महिने बोललो. माझ्या मते खरं काम ते होतं, श्वासाने फक्त त्याला जागा करून दिली.

असा त्रास होणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यांत कपालभाती किंवा भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) नकोच. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

शेवटच्या भेटीला त्या फाइल न आणता आल्या. म्हणाल्या, संध्याकाळी दिवा लावल्यावर भ्रामरी करते, हेही शेजारी येऊन बसतात. परवा रात्री जाग आली तेव्हा कान द्यायच्या आधीच झोप लागली.