दुरुस्ती कोण करणार, हे आधी ठरव

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे आराखडे मिळाले. पेठ तालुक्यातील एका पाड्यावर अंगणवाडीची एक खोली आणि तिच्यापुढे बचत गटाच्या बायकांना बसता येईल अशी पडवी बांधण्याचे काम तू अंगावर घेतले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. हाताशी साडेचार लाख रुपये आहेत आणि एवढ्यात कोणते तंत्र वापरावे, असे तू विचारले आहेस. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी एक प्रश्न तुझ्या आराखड्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेव: ही इमारत बिघडली, तर ती नीट कोण करणार?

खेड्यापाड्यांतल्या अनेक सार्वजनिक इमारती मी चांगल्या बांधलेल्या आणि तरीही पाच-सात वर्षांत ओस पडलेल्या पाहिल्या आहेत. पत्र्याचा एक स्क्रू गंजतो, तिथून पाणी झिरपते, खालचे लाकूड कुजते, भिंतीला ओल धरते आणि मग त्या खोलीत लाकूडफाटा आणि खताच्या गोण्या येऊन पडतात. बांधण्यासाठी निधी मिळतो, दुरुस्तीसाठी बहुधा मिळत नाही. त्यामुळे जे काम पाड्यावरचा माणूस पाड्यावरच्या साहित्याने, कोणाला अर्ज न करता दुरुस्त करू शकेल, तेच तिथे स्वस्त आहे असे मी मानतो. दर चौरस फुटाचा खर्च हा त्यानंतरचा हिशेब.

तिथे गेलीस की पहिल्या भेटीत मोजपट्टी बाहेर काढू नकोस. जुनी घरे बघ. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर याच जिल्ह्यातील येवला-सिन्नरला त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. ज्या घराने तसले तीस-चाळीस पावसाळे काढले आहेत, त्याचे जोते किती उंच आहे, वळचण भिंतीच्या किती पुढे आली आहे आणि पश्चिमेच्या भिंतीला झडीपासून वाचवण्यासाठी लोक कसला आडोसा बांधतात, हे नोंदवून घे. वळचणीखाली बसून जमीनही बघ. पागोळ्या जिथे पडतात तिथे मातीत एक सरळ चर पडलेला असतो. शहाण्या घरधन्याने त्या चरात दगड-गोटे भरलेले असतात आणि ज्याने भरलेले नाहीत त्याच्या जोत्यावर मातीचे शिंतोडे उडून वीतभर उंचीपर्यंत तांबडा पट्टा उमटलेला दिसतो. मातीची भिंत कुजायला सुरुवात होते ती त्याच पट्ट्यापासून. तुझ्या इमारतीच्या वळचणीचे माप आणि जोत्याची उंची त्या पट्ट्यावरून ठरव. माझ्या अंदाजाने वळचण निदान अडीच फूट आणि जोते दोन फूट लागेल.

पैसे कुठे घालायचे याचा निर्णयही इथेच होतो. पाया, जोते आणि छप्पर या तीन ठिकाणी हात आखडता घेऊ नकोस. जोते काळ्या दगडाचे कर; तो दगड तिथल्या नाल्यात आणि शेतांच्या बांधावर मिळतो आणि शंभर वर्षे त्याला काही होत नाही. भोवताली दोन-अडीच फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली दगडी फरसबंदी घाल. भिंती, फरशी, रंग, खिडक्यांची सजावट यांत काटकसर करता येते, कारण तिथले काम पुढे हळूहळू सुधारता येते. पायाखाली राहून गेलेली चूक मात्र कोणी उघडून दुरुस्त करत नाही.

मातीबद्दल तू उत्साहाने लिहिले आहेस. पेठकडची डोंगरउताराची माती बहुतेक तांबूस आणि मुरमाड आहे, त्यामुळे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा तिथे होऊ शकतील. हेच काम तू निफाडच्या काळ्या मातीत काढले असतेस, तर मी तुला आधी थांबवले असते. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पाया मुरमापर्यंत नेल्याशिवाय वर काहीही टिकत नाही. तरीही रंगावर विसंबू नकोस. वरची हातभर सुपीक माती बाजूला काढून खालची माती काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भर, उरलेल्या भागात पाणी आणि चिमूटभर मीठ घाल, जोरात हलव आणि रात्रभर ठेव. सकाळी तळाशी वाळू, तिच्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतील. वाळूचा थर निम्म्याहून बराच जास्त असेल आणि चिकणमाती थोडी पण निश्चित दिसत असेल, तर माती कामाची आहे. वजनाच्या पाच ते आठ टक्के सिमेंट पुरते. अशा विटा तीन-चार आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्या लागतात, हे मात्र आताच ध्यानात घे, कारण त्यातूनच तुझ्यापुढची खरी अडचण उभी राहणार आहे.

ती अडचण पाण्याची आहे. ज्या तालुक्यात एवढा पाऊस पडतो, त्याच तालुक्यातल्या बायका मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन दरी उतरतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. ते काम एप्रिलमध्ये काढलेस, तर ते पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून येईल, आणि बहुधा ज्यांच्या मुलांसाठी ही अंगणवाडी आहे त्यांच्याच डोक्यावरून. पाण्याची गरज असलेले प्रत्येक काम जानेवारीअखेर संपले पाहिजे, असा नियमच कर. काँक्रीट जेवढे कमी, तेवढे चांगले, हेही त्यातूनच येते.

माणसांचे वेळापत्रक याला जोडून बघ. भात आणि नागलीची कापणी झाली की पेठ-सुरगाण्यातली कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि हंगाम उरकला की होळीच्या सुमारास परततात. शहरातल्या माणसाला वाटते की हिवाळ्यात शेतकरी मोकळा असतो. पाड्यावर त्या दिवसांत म्हातारी माणसे आणि लहान मुलेच जास्त दिसतात. म्हणून दगड गोळा करणे आणि पाया खोदणे दिवाळीच्या आगेमागे, सगळे घरी असतानाच उरकून घे. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच कारागिरांकडून जोते, विटा आणि भिंती होऊ देत. छप्पर होळीनंतर घाल. तेव्हा माणसे असतात, पाणी लागत नाही आणि पावसाला अवकाश असतो.

श्रमदानाबद्दल माझे मत तुला कदाचित कठोर वाटेल. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याच्याकडून दिवसचे दिवस फुकट काम करून घेणे आणि त्याला लोकसहभाग म्हणणे मला पटत नाही. एखादा दिवस सगळ्यांनी मिळून दगड वाहिले, शेवटी सारवण केले, तर त्यात आनंद आहे आणि आपलेपणाही येतो. गवंडी, सुतार आणि रोज येणारा बिगारी यांना बाजारभावाने मजुरी दे, ती आठवड्याच्या आठवड्याला दे, आणि शक्यतो पाड्यावरचाच एखादा तरुण मुख्य गवंड्याच्या हाताखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेव. पुढची दुरुस्ती तोच करणार आहे. त्याला ओळंबा धरता आला, पाण्याच्या नळीने पातळी काढता आली आणि कौल बदलता आले, तर साडेचार लाखांतला तो सर्वांत चांगला खर्च ठरेल.

तुझ्या आराखड्यात विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवणारी भिंत दाखवली आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ती पद्धत रुजवली आणि नऊ इंची भिंतीत तिच्यामुळे साधारण पंचवीस टक्के विटा वाचतात, हे खरे. पण त्यासाठी विटा एकसारख्या मापाच्या हव्यात. भट्टीवरच्या वीस विटा ओळीत लावून लांबी मोज, मग पुन्हा वेगळ्या वीस घेऊन मोज. दोन मापांत बोट-दोन बोटांचा फरक निघाला, तर वाचलेल्या विटांचे पैसे गिलाव्यात जातील. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे नाशिकजवळ राखेच्या विटा मिळतात आणि त्या मापाला चोख असतात, मात्र सावळघाट ओलांडून पाड्यापर्यंत त्या नेण्याचे गाडीभाडे हिशेबात धर. मला विचारशील, तर जोत्यावर तीन फूट मातीच्या विटा आणि त्यावर बांबूच्या चौकटीत कूड, म्हणजे कारवीच्या झुडपाच्या काड्यांची शेणामातीने लिंपलेली भिंत, हे तिथे जास्त शोभेल. कूड दर दोन-तीन वर्षांनी लिंपावा लागतो, पण ते काम तिथल्या प्रत्येक घरात येते. कारवी आणि बांबू आणण्यापूर्वी ग्रामसभेत विषय मांड. पेठ अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला गौण वनोपजाबाबत अधिकार आहेत. बांबू तीन वर्षांहून जुना, पावसाळा सरल्यावर तोडलेला घे आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून वापर. कोवळा, ओला बांबू भुंगा पोखरून टाकतो.

छपराला कौले घाल. पत्रा स्वस्त पडतो हे मला ठाऊक आहे, पण जुलैच्या पावसात पत्र्याखाली बाईंचा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. फुटलेले कौल शिडी लावून एक माणूस पाच मिनिटांत बदलतो. त्यासाठी शंभरएक कौले जास्तीची आणून जोत्याच्या कडेला रचून ठेव. नाशिकच्या जुन्या भागात वाडे उतरवले जातात तेव्हा सागवानी तुळ्या, चौकटी आणि कौले वखारीत येतात. तिथे चक्कर मार, लाकूड टाचणीने टोचून वाळवी बघ आणि मिळालेल्या चौकटींच्या मापाने दारे-खिडक्या आखून घे.

एका बाबतीत मात्र कसलीही तडजोड करू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली. तिथल्या दगडमातीच्या भिंतींची आतली आणि बाहेरची तोंडे आरपार दगडांनी एकमेकांना बांधलेली नव्हती आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते. तुझ्या दगडी कामात ठरावीक अंतराने भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड पडलाच पाहिजे, भिंती आणि कुडाची चौकट यांना सर्व बाजूंनी सलग जोडणारा पट्टा पाहिजे, आणि छपराची लाकडे त्याला पक्की बांधलेली पाहिजेत. हे तपशील संरचना अभियंत्याकडून तपासून, सही घेऊन ठेव. त्याची फी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिही. आत लहान मुले बसणार आहेत.

पैशांचा व्यवहार एकट्याच्या हातात राहू देऊ नकोस, तुझ्याही नाही. बचत गटाच्या दोन बायका आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य यांच्या सह्यांशिवाय खर्च होऊ नये, आणि दर आठवड्याचा खर्च कामाच्या जागी फळ्यावर मराठीत लिहिलेला असावा. साडेचार लाखांपैकी चाळीस हजार बाजूला काढून ठेव आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत त्यांना हात लावू नकोस. इमारत कुठे गळते, पाणी कुठून आत येते, हे पहिला पावसाळा दाखवून देतो. ते दुरुस्त करायला त्या वेळी पैसे लागतात आणि तेव्हा ते कोणाकडेच नसतात.

आराखडा पक्का करण्यापूर्वी तो जागेवर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, पूर्ण मापात आखून दाखव. कागदावरचा नकाशा बायका सौजन्याने पाहतात आणि मान डोलावतात. जमिनीवर रेषा आखल्या की त्या आत येऊन बसतात, मुलांना बसवतात, आणि मग बोलू लागतात: चूल या कोपऱ्यात नको, धूर मुलांकडे जाईल, पाण्याचे मडके दाराच्या डाव्या हाताला हवे, पडवीची कड बसता येईल एवढी रुंद हवी. तू पडवी चार फुटांची दाखवली आहेस. दहा बायका गोल करून बसतील का, ते तिथेच बसवून बघ. माझ्या मते सहा फूट लागतील आणि त्यासाठी खोली थोडी लहान करावी लागली, तरी कर.

येत्या आठवड्यात मातीची बाटली, विटांची मापे आणि दोन-तीन जुन्या घरांच्या जोत्या-वळचणीच्या नोंदी घेऊन ये. आराखड्यावर पावसाचे पाणी छपरावरून नाल्यापर्यंत कसे जाते ते बाणांनी दाखवून आण. ते पाहिल्यावर आपण लाकडाच्या मापांचा हिशेब करू. पाया खोदायला दिवाळीनंतर फारसे दिवस हाती नाहीत, म्हणून उशीर करू नकोस.

तुझा शुभचिंतक शिक्षक