अमेरिकेतल्या न्यूपोर्टसारखा उन्हाळी जॅझ महोत्सव पुण्यात का होत नाही? एखाद्या वादकानेच पुढाकार घेतला तर जमेल का?

घेतला होता पुढाकार. मीच. म्हणून राहवलं नाही.

न्यूपोर्टचा महोत्सव १९५४ च्या जुलैत सुरू झाला आणि तो उभा करणारा जॉर्ज वाइन स्वतः पियानो वाजवायचा. आपला सवाई गंधर्व संगीत महोत्सव त्याच्या एक वर्ष आधीचा, १९५३ चा, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला. त्यामुळे कलावंताला महोत्सव चालवता येतो का, हे निदान पुण्यात तरी विचारू नये.

घोळ 'उन्हाळी' या शब्दात आहे. आपल्याकडे जुलैत छत्र्या, म्हणजे उरला एप्रिल-मे. आणि मे म्हणजे लग्नसराई. मी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, सॅक्स वाजवणारी आमची माणसं तेव्हा कुठल्या ना कुठल्या वरातीत असतात. सुपारी सोडून तुमच्या जॅझला कोण येणार?

तरी २०१४ च्या मे महिन्यात मी सात जण जमवले. पेठेतल्या एका शाळेचं पटांगण घेतलं, महिनाभर आमच्या गच्चीवर तालमी केल्या. ड्रमला बँडमधलाच साइड ड्रमवाला. त्याच्या हाताला स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, काही बसेना, सगळं मिरवणुकीसारखं सरळ चालायचं. शेवटी म्हटलं, मात्रेचे तीन तुकडे कर, मधला गिळ, दादऱ्यासारखा थोडा झुलत ये. दुसऱ्या मिनिटाला जमलं! शेजारच्या आजी धुणं काढायला वर आल्या होत्या, त्या तिथेच बसल्या. माझ्या मते आमचा खरा कार्यक्रम त्या संध्याकाळी झाला.

तिकीट शंभर रुपये ठेवू, असं मी म्हणत होतो. मेव्हणे म्हणाले, "दाजी, न ऐकलेल्या गाण्याला पुणेकर शंभर रुपये देणार नाही. फुकट ठेवा, गर्दी बघा." ठेवलं फुकट. झाली गर्दी. निम्मे लोक वाऱ्याला बसलेले. दुसऱ्या तुकड्यानंतर चिठ्ठी आली, 'वरातीतलं काहीतरी होऊ द्या'. पावणेआठला वळीव आला आणि तीन मिनिटांत पटांगण रिकामं. पाऊस वीस मिनिटांत थांबला, पण परत आले अकरा जण. आम्ही सात, म्हणजे माणशी दीड श्रोता. माझ्या सॅक्सचे चामडी पॅड भिजून फुगले ते वेगळंच.

पैसे दिलेला माणूस आडोशाला थांबतो. सवाईत बघा, तिकीट काढून, शाल आणि थर्मास घेऊन लोक भारतीय बैठकीवर तासन्‌तास बसतात. आणि न्यूपोर्टचंच म्हणाल तर १९७१ मध्ये तिकीट न काढलेल्या जमावानं कुंपण पाडलं, महोत्सव मधेच बंद करावा लागला. पुढच्या वर्षी वाइननं तो न्यूयॉर्कला नेला. न्यूपोर्टला परतायला १९८१ उजाडलं. मेव्हण्यांना हे मी तीनदा सांगितलंय.

त्यांचं दुसरं पालुपद, 'वादकानं वाजवावं, कार्यक्रम धंदेवाल्यानं करावा.' साफ चूक. कोणाच्या मागून कोणाला बसवायचं, हे ऐकणाऱ्यालाच कळतं. सवाईत बुजुर्गांच्या बरोबरीनं नवी पोरं बसतात, वेगवेगळ्या घराण्यांचे लोक गातात. ही नजर गाणाऱ्याचीच. धंदेवाला फक्त पोस्टरवरची नावं मोजतो.

बाकी तुम्हाला करायचंच असेल तर जानेवारीत करा, छोट्या सभागृहात, तिकीट लावून. रात्रभर वगैरे डोक्यातून काढा. दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद म्हणजे बंद, सवाईच्या रात्रभराच्या मैफलीसुद्धा त्यातच गेल्या.

हां, एक सांगायला हवं. वाइनच्या पाठीशी न्यूपोर्टच्या श्रीमंत लोरिलार्ड दांपत्याचा पैसा होता, माझ्या पाठीशी पतसंस्थेचं कर्ज. भीमसेनजींशी तर तुलनाच नको, ते गाणार म्हटलं की लोक यायचेच. आणि हिशेबाच्या वह्या मी ठेवल्याच नाहीत, एवढं मेव्हण्यांचं बरोबर आहे. मांडववाल्याकडून परत आलेले खुर्च्यांचे अठराशे रुपये मात्र त्यांच्याच खिशात आहेत, ते वह्या नसतानाही माझ्या लक्षात आहेत.