वेगवान गोलंदाजाची पाठ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन २००३ ते २०२४ अशी २१ वर्षं कसोटी खेळला. मग विशीतल्या इतक्या गोलंदाजांच्या पाठी का जातात? शरीराची ठेवणच वेगळी का?

उत्तर : ठेवणीचा भाग असतोच, पण विशीतली पाठ जाते ती मुख्यतः हाड कच्चं असल्यामुळे. कमरेचे मणके पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्के होतात. चेंडू सोडताना उजव्या हाताचा गोलंदाज मागे कलून डावीकडे झुकतो आणि त्याच क्षणी त्याचा डावा पाय जमिनीवर आदळतो. त्या पावलातून शरीराच्या वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त जोर वर चढतो. म्हणून सगळ्यात खालच्या मणक्यांना मागच्या अंगाला, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, बारीक तडा जातो. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर.

अँडरसनलाही ते चुकलं नाही. २००६ साली त्याच्या पाठीत असाच तडा होता. पुढे तो १८८ कसोट्या आणि ७०४ बळींपर्यंत गेला. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीची पाठ १९७३ मध्ये गेली, तरी कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ३५५ बळी होते. त्याच देशाचा पॅट कमिन्स २०११ मध्ये १८व्या वर्षी पहिली कसोटी खेळला आणि दुसरी थेट २०१७ मध्ये, रांचीत. मधली वर्षं दुखापतींत गेली, पण पक्क्या हाडानिशी परतल्यावर तो टिकला.

प्रश्न : कपिल देव १३१ कसोट्या खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. बुमरा मात्र २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच खेळला. हे लाड नाहीत का?

उत्तर : नाहीत. कपिलची धाव लयदार आणि अ‍ॅक्शन साइड-ऑन, म्हणजे डावा खांदा फलंदाजाकडे ठेवून टाकण्याची होती. वेगाचा बराच भाग धावण्यातून यायचा. बुमराची धाव आखूड आहे. त्याचा वेग ताठ रोवलेल्या पुढच्या पायातून आणि धडाच्या झटक्यातून येतो, म्हणजे हिशेब पाठच चुकता करते. २०१९ मध्ये तिथे तडा गेला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने १५१.२ षटकं टाकून ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही. त्यानंतरही पाचही सामने खेळवणं हा आमच्या मते निव्वळ अविचार ठरला असता. त्याच इंग्लंड दौऱ्यात सिराजने पाचही कसोट्या खेळून १८५.३ षटकं टाकली. प्रत्येक शरीराचा कोटा वेगळा असतो.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. दिवसात किती षटकं टाकावीत? हल्ली त्याची कंबर एका बाजूला दुखते.

उत्तर : आधी दुखण्याचं बघा. एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल आणि एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर आजपासून गोलंदाजी बंद. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा तडा बहुधा दिसत नाही. क्रीडावैद्यांना दाखवून एमआरआयबद्दल विचारा. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं, हा समज फार घातक आहे. हाड भरून पुन्हा पूर्ण जोराने टाकायला चार ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. परतताना आधी उभ्याने, मग अर्ध्या धावेने, एक दिवसाआड, असं वाढवत जा.

षटकांचं म्हणाल तर इंग्लंडच्या मंडळाने कित्येक वर्षं वापरलेली मर्यादा उपयोगी आहे : १६-१७ वर्षांच्या मुलाला एका स्पेलमध्ये, म्हणजे विश्रांतीआधीच्या एका टप्प्यात, ७ आणि दिवसात १८ षटकं. पण खरी गफलत नेट्समध्ये होते. सामन्यातली षटकं सगळे मोजतात, सरावातले चेंडू कुणीच मोजत नाही. वहीत रोजचे सगळे चेंडू लिहा. गेल्या चार आठवड्यांची सरासरी आठवड्याला १२० चेंडू असेल, तर या आठवड्यात १५० पर्यंत ठीक. सुट्टीनंतर एकदम २४० टाकले की दुखापतीचा धोका वाढतो आणि ती तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढते. तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि अ‍ॅक्शन तपासा. फोनवर स्लो-मोशनमध्ये मागून चित्रण करा. मागचा पाय टेकला तो क्षण थांबवून खांद्यांची रेषा बघा. मग पुढचा पाय टेकेपर्यंत एकेक फ्रेम सरकवा. आधी फलंदाजाकडे उघडलेले खांदे मधल्या वेळात ३० अंशांहून जास्त उलटे, साइड-ऑनकडे फिरत असतील आणि कंबर तशीच राहत असेल, तर ती मिक्स्ड अ‍ॅक्शन. पिळा नेमका खालच्या मणक्यांत पडतो. ती सुधारायची तर मोसम नसताना, जाणत्या प्रशिक्षकाकडेच.

प्रश्न : काही गोलंदाज बुटाला अंगठ्याजवळ भोक का पाडतात?

उत्तर : पुढच्या पायाचा बूट जागीच थांबतो, पण आतलं पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा टोकावर आपटतो. नखाखाली रक्त साकळतं, नख निघतं. भोक पुढच्या पायाच्या बुटालाच आणि अंगठ्याच्या अगदी वर हवं. ढगळ बुटाने पाऊल जास्तच सरकतं, त्यामुळे टाच घट्ट बसणारा बूट घ्या. अंगठा दुखतो म्हणून गोलंदाज पाऊल वाकडं टाकू लागला, तर अ‍ॅक्शन बिघडून ताण पुन्हा पाठीवरच जातो.