१९ दिवसांत संपणारा सिलिंडर

माझ्याकडे, म्हणजे मानसतज्ज्ञाकडे, आधी तिचा नवरा आला, आणि तक्रार होती गॅसची. "मॅडम, घरात माणसं तीन, आणि सिलिंडर १९ दिवसांत संपतो." पाणी प्युरिफायरमधून काढायचं, अर्धा तास उकळायचं, गार झालं की पुन्हा उकळायचं. भांडी, चमचे, लेकीची पाण्याची बाटली, सगळं उकळत्या पाण्यातून. बाहेरून आणलेली कोथिंबीर तर ती घरातच येऊ देत नव्हती.

पुढच्या आठवड्यात प्राजक्ता स्वतः आली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पुण्यात धायरीला राहणारी, बँकेत नोकरी, वय पस्तिशीच्या आत. दार तिने ओढणीचं टोक धरून उघडलं. मी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. तिचे हात बघून मात्र मला कसंसंच झालं. बोटांची पेरं लाल, सांध्यांवर भेगा, आणि उजव्या तर्जनीच्या नखाशी पिवळट पू साचलेला. दिवसातून किती वेळा हात धुता, असं विचारलं. म्हणाली, "मोजले नाहीत." नवऱ्याने मोजले होते : ४३.

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएस या नसांच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. प्राजक्ताच्या घरात कुणालाच काही झालं नाही. साथ ओसरली, बातम्या थांबल्या, तिचं उकळणं मात्र वाढतच गेलं. बिल्डिंगमधल्या बायका कौतुक करायच्या, 'काय स्वच्छता आहे हो तुमच्याकडे!' आपल्याकडे सोवळ्याची सवय अशी मुरलेली की अशी स्वच्छता म्हणजे मंत्रचळ (ओसीडी) हा मनाचा आजार असू शकतो हे घरच्यांच्याही उशिरा ध्यानात येतं.

तिचा प्रश्न एकच होता, आणि तो माझ्याकडे इतक्या जणांनी विचारलाय की मी मोजायचं सोडून दिलंय : "एक जंतू जरी पोटात गेला, तरी संपलंच ना?"

नाही. आपल्या अंगावर आणि आत मिळून साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, म्हणजे स्वतःच्या पेशींपेक्षाही किंचित जास्तच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात, आणि तिथली जागा त्यांनीच अडवल्यामुळे उपऱ्या जंतूला सहजी बस्तान बसवता येत नाही. आजार करायला जंतूला बरंच काही जमावं लागतं : पुरेशा संख्येने आत शिरणं, पोटातल्या आम्लातून जिवंत सुटणं, आतड्याला चिकटणं, आणि मग विष सोडणं किंवा पेशींत घुसणं. कॉलऱ्याचा जंतू पेशीत घुसतच नाही. लहान आतड्याला चिकटून असं विष सोडतो की पेशी अंगातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतत राहतात. निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत कॉलरा व्हायला १० कोटींच्या आसपास जंतू लागले. आधी सोडा देऊन आम्ल मारलं, तेव्हा त्याचा हजारावा हिस्साही पुरला. पोटातल्या आंबट पाण्याची एवढी किंमत! सगळेच जंतू असे नसतात, कॅम्पिलोबॅक्टर काहीशेही पुरतात, हेही तिला सांगितलं. खोटा धीर देऊन भागत नाही. पण कॅम्पिलोबॅक्टर एका उकळीत मरतो. पाण्याला खळखळून उकळी आली आणि मिनिटभर राहिली की काम झालं. पुढची एकोणतीस मिनिटं नुसता गॅस जातो.

मग मी तिला तिचंच बोट बघायला सांगितलं.

"हा पू म्हणजे जंतूच ना?" ती हात लांब धरून म्हणाली.

पुवात जंतू असतात, पण त्यातला मोठा भाग मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. नखाशी सूज येते ती बहुतेकदा स्टॅफिलोकॉकसमुळे. हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात, कातडीवर निवांत असतो. कातडी अखंड आहे तोवर तो बाहेरच. प्राजक्ताने साबण आणि जंतुनाशक लावून लावून कातडीवरचं तेल काढून टाकलं, भेगा पडल्या, आणि त्याला वाट मिळाली. आत शिरल्याबरोबर तिथल्या पेशींनी रासायनिक हाकाटी केली, रक्तवाहिन्या सैलावल्या (म्हणून लाली आणि ऊब), आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जंतू गिळायला लागल्या, गिळता गिळता मेल्या. हाडांतला मगज अशा पेशी रोज १० हजार कोटींच्या घरात तयार करतो. ती बराच वेळ बोटाकडे बघत राहिली. "म्हणजे तट मीच फोडला," म्हणाली.

पण बाई हुशार. लगेच पुढचा प्रश्न. "जीबीएसमध्ये तर शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. मग त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा?"

प्रश्न खराच बिनतोड होता. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावरच्या साखरेच्या काही साखळ्या आपल्या मज्जातंतूंवरच्या साखळ्यांसारख्या दिसतात. जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं चुकून तिथेही जाऊन चिकटतात आणि हातपाय लुळे पडतात. हे घडतं, पण कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार रुग्णांत एखाद्याला. जुलाब झालेले बाकीचे बहुतेक आठवडाभरात बरे होतात, तेही बऱ्याचदा औषधाशिवाय. आणि त्याच प्रतिपिंडांच्या जोरावर लस काम करते, हे तिच्या लेकीच्या लसीकरणाच्या कार्डाकडे बोट दाखवून सांगितलं.

तिला पटलं. मला वाटलं, जिंकलो. इथे माझी चूक झाली, ती सांगायलाच हवी. दोन दिवसांनी रात्री अकराला मेसेज : 'मॅडम, दह्याचं काय?' मग पनीर. मग शाळेतला नळ. प्रत्येकाला मी मायेने उत्तर देत गेले, आणि माझं प्रत्येक उत्तर तिला हात धुण्यासारखंच वाटत होतं : दहा मिनिटं बरं, मग पुन्हा धास्ती. मंत्रचळाला माहितीचं खाद्य घातलं की तो वाढतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि स्वतः विसरले होते. मेसेजना उत्तर देणं थांबवलं. का थांबवलं हे तिला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. बोट त्वचारोगतज्ज्ञांनी बघितलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. आम्ही दोघींनी भीतीची शिडी केली. पहिली पायरी दाराची कडी, हाताने, ओढणीशिवाय. सगळ्यांत वरची, मंडईतून आणलेली कोथिंबीर नळाखाली धुऊन आमटीवर घालायची. प्रत्येक पायरीला भीती चढते, हात न धुता बसायचं, आणि ती आपली आपण उतरते. पहिल्या दिवशी कडीला हात लावून माझ्यासमोर ती ३५ मिनिटं रडली. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवायचेच, ते आम्ही कमी केलं नाही. दर धुण्यानंतर व्हॅसलीन.

कोथिंबिरीची पायरी अजून राहिली आहे. परवा तिच्या नवऱ्याचा फोन आला. सिलिंडर ४१ दिवस चाललाय, म्हणाला, आणि अजून संपला नाहीये.