चतुःसीमा नीट लिहून घ्या

प्रश्न : आम्ही मूळचे देवगड तालुक्यातले, पाच वर्षं इंग्लंडात आहोत. मुलगा सहा वर्षांचा. वाक्यं तुटक बोलतो, वर्गात गोंगाट वाढला की टेबलाखाली जाऊन बसतो. शाळेतल्या सेन्को बाई (विशेष गरजांच्या मुलांचं पाहणाऱ्या शिक्षिका) म्हणतात, घरी मराठी बोलता म्हणून गोंधळत असेल, थांबून बघू. सासूबाई म्हणतात, "तेचो बापूस पण पाच वर्सांनी बोलाक लागलो." ईएचसी प्लॅनसाठी (विशेष गरजेच्या मुलाला कोणती मदत द्यायची ते लिहिलेला कौन्सिलचा कायदेशीर आराखडा) शाळेनंच अर्ज करावा लागतो का? आम्ही वर्क व्हिसावर आहोत, त्याला काही बाध येईल का?

उत्तर : व्हिसाचं आधी सांगते, कारण अनेकांचं घोडं तिथेच अडतं. शाळेचं शिक्षण आणि त्यातला ईएचसी प्लॅन 'पब्लिक फंड्स'मध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना बंद असलेल्या सरकारी भत्त्यांच्या यादीत, मोडत नाही. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' लिहिलेलं असलं तरी अर्ज करता येतो. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स हा अपंगत्वाचा भत्ता मात्र त्या यादीत आहे. कोणी ओळखीच्यांनी "तोही भरून टाका" म्हटलं तर व्हिसाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

आता अर्ज. तो आईवडील स्वतः करू शकतात, थेट कौन्सिलकडे (तुमच्या भागातल्या स्थानिक प्रशासनाकडे), लेखी. इंग्लंडमधला २०१४ चा चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट हा हक्क देतो (वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे). शाळेची संमती लागत नाही, डॉक्टरचं निदान हातात असावंच लागतं असंही नाही. मुलाला विशेष शैक्षणिक गरज असू शकते आणि त्यासाठी प्लॅन लागू शकतो, एवढं दाखवलं की कौन्सिलनं तपासणी करायला हवी. 'असू शकते' हा शब्द महत्त्वाचा. "आधी दोन वर्षं मागे पडू दे" असं कायद्यात कुठेही नाही.

आपलं मात्र गंमतीचं आहे. बांधाच्या वीतभर जागेसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे आपण कोकणी, पण पोरासाठी एक अर्ज करायचा म्हटलं की "शाळा काय म्हणेल, बाईंना राग येईल" असं होतं. बाईंना काही वाटत नाही. त्यांनाही अनेकदा आईवडिलांच्या अर्जाचा आधारच होतो.

अर्ज पोचल्यापासून ६ आठवड्यांत तपासणी करणार की नाही हे कौन्सिलला कळवावं लागतं. होकार आला तर एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट, शाळा, डॉक्टर यांचे अहवाल मागवतात, आणि सगळं धरून २० आठवड्यांत अंतिम प्लॅन हातात यायला हवा. प्रत्यक्षात उशीर खूप होतो. ईमेलवर तारखा घालून आठवण देत राहा, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. नकार आला तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील आहे, त्याला फी नाही. मुदत निर्णयाच्या पत्रापासून २ महिने, किंवा मध्यस्थीचं (कौन्सिलशी समेटाच्या प्रयत्नाबाबतचं) सर्टिफिकेट मिळाल्यापासून १ महिना, यातली जी नंतर संपेल ती. प्रत्येक भागात सेंडियास नावाची मोफत सल्लासेवा असते, तिला पहिल्याच आठवड्यात फोन करा.

खरी मेख प्लॅनच्या मसुद्यात आहे. माझ्या भाचीच्या मुलाचा मसुदा आला तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. तिनं मला व्हिडिओ कॉलवर 'एफ' हा भाग वाचून दाखवला. मुलाला काय मदत मिळणार ते त्या भागात असतं. तिथे लिहिलं होतं, 'स्पीच थेरपी नियमितपणे उपलब्ध राहील.' मला आमच्या घराचं जुनं खरेदीखत आठवलं : पूर्वेस मोठा आंबा, दक्षिणेस ओढा. आंबा पडला, ओढा सरकला आणि चुलत्यांशी वाद उभा राहिला. 'नियमितपणे' म्हणजे आठवड्यातून की वर्षातून? मसुद्यावर म्हणणं मांडायला किमान १५ दिवस मिळतात. तेवढ्यात तिनं लिहून दिलं : कोण देणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात. 'बी' भागात लिहिलेल्या एकेका गरजेसमोर 'एफ' मध्ये मदत आहे का, हे तिनं पेन्सिलनं रेघा मारून जुळवलं. दोन गरजा तशाच लोंबकळत होत्या. शाळेचं नाव 'आय' भागात येतं. सगळे आधी तिकडेच उडी मारतात, पण 'एफ' कच्चा राहिला तर चांगली शाळा मिळूनही फारसा उपयोग नाही.

राहिली मराठी. घरची भाषा वेगळी, एवढ्याच कारणावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानू नये, हे त्याच कायद्यात आहे. पण अडचण मराठीतही दिसत असेल तर ती केवळ नव्या भाषेची नव्हे. आणि याचा पुरावा तुम्ही पत्राच्या शेवटी, वर न छापलेल्या भागात, जाता जाता लिहून गेला आहात. गेल्या गणपतीत आरतीच्या झांजा सुरू झाल्या की तो खळ्यात पळायचा. आदल्या दिवशी मात्र माटवीला बांधायचं सामान, कवंडळं, नारळ, सुपारीची शिपटं, वेगवेगळ्या ढिगांत लावत बसला होता. आजीनं "तां हाड" (ते आण) म्हणून एक वस्तू दाखवली की आणायचा, दोन वस्तू एकदम सांगितल्या की तिथेच थांबायचा. सायकॉलॉजिस्टला अर्ध्या तासात जे दिसेल न दिसेल, ते आजीनं पाहिलं आहे, तेही त्याच्या घरच्या बोलीत.

तेव्हा सासूबाईंना फोन करा, पण वाद घालायला नको. "आई, तुम्ही काय काय बघितलंत ते सांगा, सायबाच्या कागदावर लिहायचं आहे," म्हणा. त्या बोलतील ते मालवणीतच टिपून घ्या, खाली इंग्रजी अर्थ आणि तारीख घाला, आणि अर्जाला जोडा.