घोड्यावरून डोंगरमुक्कामी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पन्हाळा आणि मसाई पठाराच्या बाजूला घोड्यावरून जाऊन एक रात्र डोंगरातल्या निवासात काढण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. भाड्याच्या दराविषयीची पत्रं बाजूला ठेवली, कारण दर घोड्यागणिक आणि घोडेवाल्यागणिक बदलतो.

माझं वजन ८२ किलो. घोडेवाला म्हणतो, "बसा बिनघोर, तुमच्यापेक्षा जड माणसं नेलीत." ऐकावं का? (एक वाचक, कागल)

त्याचं ऐकू नका, टेपचं ऐका. खोगीर आणि सामान धरून घोड्यावरचा एकूण भार त्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत असावा. घोड्याचं वजन शिंप्याच्या टेपनेही काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत वजन येतं.

भाड्याच्या एखाद्या तट्टाचा घेर १५५ आणि लांबी १४० भरली, तर वजन २८३ किलो. त्याचा पाचवा हिस्सा ५७ किलो, आणि त्यात आठ-दहा किलोचं खोगीरही आलं! तुमच्यासाठी, सामान जीपने पाठवलं तरी, साडेचारशे किलोचा घोडा हवा. तेवढा भरभक्कम घोडा भाड्याने मिळणं अवघड. मिळाला नाही, तर चढ-उतार पायी आणि फक्त सपाटी घोड्यावर असा बेत करा. जादा वजनाने घोडा त्याच दिवशी लंगडेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर बोटं दाबत नेलीत की तो पाठ खाली चोरतो, तेव्हा कळतं.

कोल्हापुरातूनच घोड्यावर निघून शिवाजी पुलावरून, केर्लीमार्गे पन्हाळा आणि तिथून पुढे पठार, असा आमचा बेत आहे. एका दिवसात होईल? (तिघे मित्र, राजारामपुरी)

होईल, पण करू नका. वाघबिळापर्यंतचा रत्नागिरी रस्ता ट्रक आणि वडापच्या गाड्यांनी भरलेला असतो, आणि डांबरावर वीस किलोमीटर चालवलेल्या घोड्याचे सांधे डोंगर लागायच्या आतच कुरकुरायला लागतात. नाल डांबरावर सटकतो, ते वेगळंच. घोडे टेंपोने पन्हाळ्यापर्यंत न्या आणि उतरवल्यावर अर्धा तास हातात धरून फिरवा. राजदिंडीची वाट, म्हणजे शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले ती, इतिहासाच्या ओढीने कुणी सुचवेल. ती पायी उतरण्याची वाट आहे, खोगीर घातलेल्या घोड्याची नव्हे. म्हाळुंग्याच्या बाजूने गाडीरस्त्याने वर चढा.

डोंगरात घोडा तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. दिवसाचा पल्ला पंधरा ते वीस किलोमीटर पुरे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारपर्यंत मुक्काम गाठायचा असं धरूनच निघण्याची वेळ ठरवा. मसाई पठाराला २०२२ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे मुक्काम वर न करता खालच्या वाडीतल्या निवासात करा, परवानगीचं वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारा, आणि मळलेली वाट सोडू नका. पावसाळ्यात हा बेत आखूच नये. ओल्या जांभ्यावर लोखंडी नाल साबणावर ठेवल्यासारखा घसरतो.

वाटेत खोगीर एका बाजूला कलतं. तंग आवळला तरी तेच. काय चुकतं? (एक वाचक, गडहिंग्लज)

बहुतेकदा तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा, आवळण्याची वेळ चुकते. खोगीर पाठीवर पडलं की घोडं पोट फुगवतं. तेव्हा कितीही ओढा, दहा मिनिटं चाललं की पोट आत जातं आणि तंग ढिला पडतो. म्हणून तंग तीन टप्प्यांत आवळा: खोगीर घालताना बेताचा, चढण्याआधी पुन्हा एकदा, आणि दहा मिनिटं चालल्यावर उतरून शेवटचा. तंग आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम सरकावीत. त्यानंतर घोड्याचे पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखालची चुणी निघते. ती राहिली तर तिथेच कातडी सोलते.

नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड घडी, आधी जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. मग त्याचा मधला भाग बोटाने वर खोगिराच्या कमानीत ढकला. कण्यावर हवा खेळली पाहिजे. नमदा कण्यावर ताणून बसला की दुपारपर्यंत फोड येतो.

तंग बरोबर असूनही कलत असेल तर खुर्जी, म्हणजे खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी सामानाची पिशवी, तपासा. दोन्ही बाजू तराजूवर सारख्या भरा, एका बाजूला चार-पाच किलोपेक्षा जास्त नको. पाण्याची बाटली एकाच बाजूला ठेवून ती पीत गेलात, तर दुपारी खुर्जी दुसरीकडे झुकणारच. तिसरं कारण तुम्ही स्वतः. जमिनीवरून डाव्या रिकिबीला लोंबकळत चढलात की खोगीर दरवेळी डावीकडे ओढलं जातं. दगडावर किंवा बांधावर उभं राहून चढा.

चढावर खोगीर मागे सरकत असेल तर छातीचा पट्टा लावा. उतारावर मानेकडे येत असेल तर दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा. दुमची मऊ आणि स्वच्छ नसेल तर शेपटीखाली कापते आणि घोडा दुगाण्या झाडतो, मग लोक घोड्यालाच नाठाळ म्हणतात!

मुक्कामाला पोहोचल्यावर घोड्याचं काय काय करायचं? घोडेवाला सोबत असेल, पण आम्हालाही माहीत हवं. (बहीण-भाऊ, इचलकरंजी)

हे पत्र वाचून बरं वाटलं. बरेच जण पोहोचले की थेट चहाकडे वळतात.

शेवटचा एक किलोमीटर उतरून, तंग दोन भोकं सैल करून घोडा चालवत आणा. पोहोचल्यावर खोगीर पंधरा मिनिटं तसंच ठेवा. दबलेल्या कातडीत रक्त हळूहळू परतू द्यायचं असतं. मग खोगीर काढा आणि घामाचा ठसा बघा. सगळीकडे सारखा ओला असेल तर उत्तम. ओल्या ठशात मध्येच तळहाताएवढा कोरडा भाग दिसला, तर तिथे इतका दाब पडला की घामही आला नाही. सूज तिथेच येते, आणि ती लगेच दिसत नाही. तासाभराने पुन्हा हात फिरवा.

जबड्याच्या खालच्या कडेच्या आतल्या बाजूने बोटांनी नाडी धरा. पंधरा सेकंदांत मोजा आणि चारने गुणा. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. थांबल्यावर पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली आली नाही, तर पल्ला त्याला झेपलेला नाही.

पाणी आधी. दमलेल्या घोड्याला पाणी पाजलं की पोट दुखतं, ही जुनी समजूत आहे. पाजा, फक्त थोडं थोडं, दर दहा मिनिटांनी चार-पाच लिटर. दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं. मग वाळला चारा, रात्रभर तोंडासमोर चार-पाच किलो. हा एक दिवस आधी जीपने पाठवून ठेवा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तासाभराने: किलोभर भिजवलेले हरभरे, थोडा कोंडा आणि दोन चमचे साधं मीठ. तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत द्या, म्हणजे मातीत सांडत नाही.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण. ऊसतोडीच्या दिवसांत वाडीतली माणसं प्रेमाने उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणून टाकतात. गाई-म्हशींना ते मानवतं. ज्या घोड्याला सवय नाही त्याचा चारा एका रात्रीत बदलला की आतड्यात वायू धरतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं परत येत नाही. पाहुणचाराला नाही म्हणणं जिवावर येतं, तरी म्हणा.

बांधताना लगाम काढून मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला डोक्याचा दोर, घाला. लगामाने बांधलेला घोडा दचकून मागे ओढला की तोंड फाटतं. दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच दोर ताणा आणि त्याला मोहरकीची दोरी अशी बांधा की तिचं टोक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लोंबेल. लांब ठेवली तर रात्री पाय अडकतो. गाठ ओढली की सुटणारी हवी. गळ्यात सरकफास कधीच नको. दोन घोड्यांमध्ये दहा-बारा फूट अंतर ठेवा.

कोल्हापुरी घालून बसलं तर चालतं का? फोटो छान येतात. (एक वाचक, रंकाळा)

फोटो काढा, मग पायताण खुर्जीत ठेवा. बंद, टाच असलेला बूट हवा. टाचेमुळे पाय रिकिबीतून पलीकडे घुसत नाही. घुसला आणि माणूस पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. हेल्मेटही तितकंच गरजेचं.

घोड्याचं पोट दुखतंय हे कसं ओळखायचं? डोंगरात डॉक्टर कुठून आणायचा? (एक वाचक, आजरा)

वळून वळून कुशीकडे बघणं, खुराने जमीन खरवडणं, अन्न सोडणं, लोळणं, लीद न टाकणं. कुशीला कान लावा. एरवी गुडगुड ऐकू येते, ती दोन्ही बाजूंना पूर्ण बंद असेल तर प्रकरण गंभीर. चारा काढून घ्या, हळूहळू फिरवा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावा. वाडीत कुठे रेंज येते हे पोहोचल्याबरोबर बघून ठेवलेलं बरं. नळीने किंवा बाटलीने तेल पाजायला लोक पुढे सरसावतील. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचा दाह होतो, आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा त्याने जातो.

गवे दिसले तर? (एक वाचक, राधानगरी)

लांबूनच थांबा. घोड्याचं तोंड गव्याकडे ठेवा. जे दिसतं त्याने तो कमी बिचकतो. गवा निघून जाईपर्यंत वाट बघा, हाकलू नका. गव्याहून मोठा धोका कड्यावरच्या आग्या मोहोळाचा. कड्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

निवासात अंघोळीला गरम पाणी मिळतं का? (एक वाचक, शाहूपुरी)

चुलीवर तापवून देतात. मात्र डोंगरात उन्हाळा जवळ आला की पाणी मोजून असतं, त्यामुळे आधी घोड्यांच्या बादल्या भरून घ्यायला सांगा, उरेल त्यात अंघोळीचं बघा.