बायको गरोदर आहे, मशेरी सुटत नाही. बाळाला त्रास होईल का?

दादा, तुम्ही लिहिलंय की बायकोला चौथा महिना चालू आहे, दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लागते, आणि तुमच्या आई म्हणतात, "आम्हीपण लावली, पोरं झालीच की धडधाकट." मी नऊ वर्षं गावात आशा म्हणून काम करते. माझी आईही मशेरी लावायची.

होय, त्रास होतो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. थुंकून टाकली तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, दिवस पुरे व्हायच्या आत जन्मणारीही जास्त होती. १०५ ग्रॅम किरकोळ वाटतात. पण अडीच किलोच्या आतलं बाळ मी कितीदा हातात घेतलंय. अंगावर पिताना ते दमतं, दोन घोट घेऊन झोपतं, हातपाय गार पडतात. बाळंतपणानंतरही लावत राहिली तर निकोटिन दुधातून जातंच.

पुढचं मी स्वतः भोगलंय. सकाळी डबी सापडली नाही की आई डोकं धरून बसायची, आणि समोर येईल त्याला मार. पुडी आणायला मलाच धाडायची. सातवीत माझी दाढ ठणकली तेव्हा तिनंच मायेनं चिमूटभर मशेरी दाढेवर लावली. मला ती लागली ती तिथून. थोरल्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा कुठे सोडली.

बायकोला रागावू नका, ती लपून लावेल. तलफ येते ती थोड्या वेळात ओसरते. तेवढ्यात बडीशेप चघळू द्या, पाणी द्या, बोलत बसा. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं ती म्हणणार. सुरुवातीचे काही दिवस खरंच जड जातं, कोमट पाणी आणि पालेभाज्या वाढवा. १८००-११-२३५६ वर फोन केला तर तंबाखू सोडायला फुकट सल्ला मिळतो. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना मशेरीचं उघड सांगा. घरात भाजणं बंद करा, तो धूरही तिच्या नाकातोंडात जातो. तुम्ही तंबाखू मळत असाल तर आधी तुमची पुडी टाका.

बाळाचं बरंचसं वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. तुमच्या हातात अजून वेळ आहे.